संगत, सवय आणि विश्वास: नागपूरच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईट संगत नेमकी कशाला म्हणायची?

स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच वचनात तीन क्रिया येतात: दुर्जनांच्या मसलतीने चालणं, पापी जनांच्या मार्गात उभं राहणं, निंदकांच्या बैठकीत बसणं. हा क्रम नीट बघा. माणूस आधी जाता जाता कोणाचं तरी ऐकतो, मग थांबतो, आणि पुढे त्याची तिथे बसायची जागाच ठरून जाते.

कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर हे रोज दिसतं. पहिल्या आठवड्यात पोरगा नुसता मित्रासोबत जातो, गाडीला टेकून लांब उभा राहतो. दोन महिन्यांनी त्याची गाडी वळताना दिसली की ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटायला लागलेला असतो. विचारायची गरजच उरलेली नसते. आता नाही म्हणायचं तर मित्राला, ठेलेवाल्याला आणि तयार झालेल्या खर्ऱ्याला (त्या घोटलेल्या मिश्रणाला), तिघांनाही नाही म्हणावं लागतं. पहिल्या दिवशी एकच नकार पुरला असता.

म्हणून ‘वाईट माणूस’ हा शब्द आम्ही जपून वापरतो. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली माणसं आणि तिथे ठरलेलं काम, हे चार जुळले की बैठक तयार होते. मोडायची ती बैठक. माणसाशी नातं बहुतेक वेळा राखता येतं.

‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे वचन मित्रमंडळींबद्दलच आहे ना?

तेवढंच नाही. “फसू नका, कुसंगतीने नीती बिघडते” हे १ करिंथ १५:३३ मध्ये येतं आणि तो सगळा अध्याय पुनरुत्थानाबद्दल आहे. मेलेले उठत नाहीत असं करिंथच्या मंडळीतलेच काही जण म्हणत होते. मेलेले उठतच नसतील तर खाऊन-पिऊन घेऊ, उद्या मरायचंच आहे, हा विचार त्यातून येतो हे पौल आधीच्या वचनात दाखवतो. वाक्य ग्रीक नाटककार मेनँडरच्या नावाने ओळखलं जाणारं, लोकांच्या तोंडी असलेलं. ‘संगत’ असं भाषांतर झालेल्या मूळ ग्रीक शब्दात सोबतीबरोबर संभाषणही येतं. म्हणजे पौलाचा इशारा दारूच्या अड्ड्याइतकाच, मंडळीत बसून विश्वास पोखरणाऱ्या बोलण्यालाही लागू आहे. हा भाग आपण फार क्वचित वाचतो.

माझे बहुतेक मित्र ख्रिस्ती नाहीत. त्यांना सोडायचं का?

नाही. याच पौलाने त्याच पत्रात (५:९-११) स्पष्ट केलं आहे की जगातल्या सगळ्या जारकर्म्यांपासून आणि लोभ्यांपासून दूर राहायचं म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल, आणि तसं त्याला म्हणायचं नव्हतं. तो ज्याच्यापासून दूर राहायला सांगतो तो आहे स्वतःला बंधू म्हणवून उघड पापात राहणारा.

नागपुरात ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यांशिवाय जगूच शकत नाही, आणि जगू नये. मेकोसाबाग असो की मोहननगर, दार उघडलं की समोर वेगवेगळ्या श्रद्धेचे लोक असतात. त्यांच्यातले कित्येक सचोटीने, निर्व्यसनी जगतात. हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान मित्र म्हणजे वाईट प्रभाव, हा हिशेब चुकीचा आणि शेजाऱ्यावर अन्याय करणारा आहे. येशू मत्तयाच्या घरी जकातदारांच्या पंक्तीला जेवला (मत्तय ९:१०-१३). पण तिथे कोण कोणाला बदलत होतं? जेवणानंतर येशू जकात नाक्यावर बसायला गेला नाही, मत्तय नाका सोडून आला.

मग ओढ कोणत्या बाजूला आहे, हे कसं कळणार?

सात दिवस वही ठेवा. मोबाईलमध्ये नको, तिथे नोंदी वाहून जातात. रोज रात्री झोपण्याआधी पाच रकाने भरा: कुठे होतो, कोणासोबत, किती वाजेपर्यंत, किती पैसे गेले, आणि घरी आल्यावर प्रार्थना करावीशी वाटली की टाळावीशी वाटली. शेवटचा रकाना सगळ्यात खरा निघतो.

आठव्या दिवशी वही उघडली की बहुतेकांना एकच-दोन ठिकाणं आणि एक ठरावीक वेळ दिसते. नागपुरात ती वेळ बहुधा रात्री नऊ ते बाराची असते. उन्हाळ्यात तर दिवसभर पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे बाहेर पडणंच सूर्य मावळल्यावर होतं. फुटाळा तलावाला चक्कर, मग कोणाची तरी गच्ची, मग अजून अर्धा तास. शनिवारी असं झालं की रविवारची सकाळची उपासना हुकते. विश्वास सोडायचा निर्णय कोणी घेतलेला नसतो, झोप पुरी झालेली नसते एवढंच.

आणखी एक खूण: एखाद्या मित्राबद्दल घरी बोलताना तुम्ही काही भाग गाळता का? गाळत असाल तर तो भाग वहीत आधी लिहा.

खर्रा, सिगारेट, गुटखा सोडायचाय, पण ग्रुपमध्ये नाही म्हणता येत नाही.

नाही म्हणायची जागा ठेल्यासमोर नसते, ती घरून निघतानाच असते. योसेफाने पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसण्याऐवजी अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळ काढला (उत्पत्ती ३९). पळण्यात कमीपणा नाही.

आधी रस्ता बदला. कॉलेज किंवा कामावरून घरी जाताना ज्या चौकात गाडी आपोआप थांबते, तो चौक निदान महिनाभर टाळा. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. दुसरं, उत्तर आधीच ठरवा आणि ते लहान ठेवा. “नाही भाऊ, बंद केला” एवढंच. कारण देऊ नका. ‘डॉक्टरने नाही म्हटलं’, ‘दात दुखतोय’ अशी कारणं दिली की दोस्त त्या कारणावर उपाय सांगायला लागतात, आणि दात बरा झाला की तुम्ही अडकलात. “काहून बे, पास्टर झाला का?” असं कोणी म्हणेलच. हसून सोडून द्या. आपण पूर्वीसारखे त्यांच्यासोबत धावत नाही याचं जुन्या सोबत्यांना नवल वाटतं आणि ते निंदा करतात, हे १ पेत्र ४:४ मध्ये लिहिलेलंच आहे.

तिसरं, शरीराचा भाग विसरू नका. खर्ऱ्यात तंबाखू आणि सुपारी अशी दोन व्यसनं एकत्र असतात. तलफेची एक लाट साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते, आणि पहिला आठवडा, त्यातही पहिले तीन दिवस, सगळ्यात जड जातात. चिडचिड होणं, झोप न लागणं म्हणजे विश्वास कमी पडला असं समजू नका. निकोटिन उतरताना असं होतंच. त्या दहा मिनिटांसाठी खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवा, पाणी प्या, उठून चाला, तोंडपाठ असलेलं एखादं स्तोत्र म्हणा. साधी सुपारी चघळून भागवू नका. तोंड उघडणं कमी होण्याचा आजार सुपारीनेही होतो. तोंड आधीच कमी उघडत असेल किंवा तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून घ्या. सरकारची मोफत तंबाखूमुक्ती सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मिळते.

दारूबद्दल ख्रिस्ती शिकवण काय? चर्चमध्येच लोक वेगवेगळं सांगतात.

वेगवेगळं सांगतात, कारण परंपरा वेगळ्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, नागपुरातच स्थापन झाली आणि तिच्यात सहा परंपरा एकत्र आल्या. मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये दारू पूर्ण वर्ज्य मानण्याची शिकवण आहे. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरा पिण्यालाच पाप म्हणत नाहीत. दारूने मस्त होणं मात्र सगळेच पाप मानतात (इफिस ५:१८).

आमचं मत स्पष्ट आहे: सावजी जेवणासोबत होणाऱ्या बैठकीत ‘एकच पेग’ हा एकावर थांबत नाही, कारण भरणारा हात तुमचा नसतो. ऑफिसच्या पार्टीला जायचंच असेल तर आल्याबरोबर हातात सोडा किंवा ताकाचा ग्लास घ्या. रिकाम्या हाताच्या माणसालाच आग्रह होतो. स्वतःची गाडी न्या म्हणजे निघायची वेळ तुमच्या हातात राहते, आणि जेवण लागताच जेवून निघा.

एक गोष्ट जीवाची आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याची दारू प्रार्थना करून एका दिवसात तोडू नका. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आधी डॉक्टर. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात विचारा. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. प्रार्थना सोबत चालू द्या, तिला औषधाच्या विरोधात उभं करू नका.

आयपीएलचा सट्टा, ऑनलाइन गेम: थोडे पैसे लावले तर काय बिघडतं?

सट्ट्यात बिघाड हरल्यावर सुरू होतो असं वाटतं, पण तो सुरू होतो पहिल्यांदा जिंकल्यावर. दोनशेचे आठशे झाले की डोकं तो अंदाज नशिबाऐवजी आपल्या हुशारीच्या खात्यात टाकतं. मग हरलेलं परत मिळवायला रक्कम वाढते, आणि ओळखीतूनच मिळालेली ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याचं खातं, उधारीवर चालू राहते. ती देणारा मित्रच बहुधा वसुलीलाही येतो. पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केल्या आहेत, म्हणजे आता हा कायद्याचाही प्रश्न आहे.

अडकला असाल तर आजच्या आज एकूण आकडा कागदावर लिहा, उधारीसकट. तो पूर्ण आकडा घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. अर्धा सांगणारे बहुतेक जण उरलेला फेडायला पुन्हा खेळतात. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, पगाराचं खाते काही महिने बायको किंवा वडिलांच्या नजरेखाली द्या. नातेवाइकांनो, कर्ज एका रकमेत फेडून देऊ नका. स्वच्छ झालेली पाटी पुन्हा खेळायला मोकळी असते. हप्ते बांधा आणि ते त्यालाच भरू द्या. जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर टेली-मानस १४४१६ वर दिवस-रात्र बोलता येतं.

मोबाईलवर काय करायचं? तो तर चोवीस तास हातात.

जागा आणि वेळ यांचा नियम इथेही चालतो. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. सगळे म्हणजे आईवडिलांचेही, नाहीतर नियम आठवडाभर टिकत नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा. ‘गजर लावायचाय’ हे फोन उशाशी नेण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे.

लहान मुलांच्या फोनवर गूगल फॅमिली लिंक, यूट्यूबला रिस्ट्रिक्टेड मोड, शोधात सेफसर्च. मोठ्यांसाठी फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपची वेळ बांधता येते. ही सगळी कुंपणं आहेत आणि कुंपण ओलांडता येतं. अश्लील चित्रफितींच्या सवयीत खरी गाठ एकांताची असते, म्हणून ती एका विश्वासू, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या आणि आपल्याच लिंगाच्या माणसासमोर कबूल करणं हे कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडतं. कॅथलिक बांधवांना फादरकडे पापनिवेदनाची वाट आहेच. इतरांनी याकोब ५:१६ वाचावं.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप. ज्यात दिवसभर कोणत्या तरी जातीची, धर्माची किंवा स्त्रियांची टवाळी चालते तो ग्रुप ‘निंदकांची बैठक’च आहे. भांडून बाहेर पडायची गरज नाही. म्यूट करा, अर्काइव्हमध्ये टाका, आणि त्यातल्या दोन भल्या माणसांना वेगळा फोन करत जा.

शेजारच्या काकू गणपतीचा प्रसाद आणतात. घ्यायचा की नाही?

करिंथमध्ये हाच प्रश्न होता. १ करिंथ ८ आणि १० हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या आणि विवेकाच्या खातर खाऊ नका. म्हणून बहुतेक मंडळ्या प्रसाद घेत नाहीत. दिवाळीचा चिवडा, चकली, ईदचा शीरखुर्मा हा फराळ आणि पाहुणचार आहे, तो आनंदाने खावा.

नकाराची रीत मात्र आपल्याकडे फार ओबडधोबड असते. दारातूनच ‘आम्हाला चालत नाही’ म्हणून दार लावणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. असं म्हणून बघा: “काकू, तुम्ही आठवणीने आणलंत, बरं वाटलं. प्रसाद आम्ही घेत नाही, पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही तुम्ही.” दानिएलानेही राजाचं अन्न थेट धुडकावलं नव्हतं. त्याने कारभाऱ्याला दहा दिवस पारखून पाहण्याची विनंती केली होती. आणि नाताळात केकचं पहिलं ताट त्याच काकूंच्या घरी जाऊ द्या.

मंडळीतलीच माणसं वाईट प्रभाव टाकत असतील तर?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, गाड्यांपाशी जी अर्धा तास कुजबुज होते, कोणाच्या मुलीचं काय, कोणी किती दान दिलं, पाळक कोणाकडे जेवले, त्यात तासाभराचं प्रवचन धुऊन निघतं. तिथे विषय बदलणं हीच सेवा. “तिच्यासाठी प्रार्थना करू, चला आत्ताच” म्हटलं की निंदा बहुधा थांबते. कोणाबद्दल खरंच तक्रार असेल तर मत्तय १८:१५-१७ ची पायरी धरा: आधी एकट्याने त्याच्याकडे, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपण बहुतेक वेळा शेवटची पायरी पहिली करतो.

दुसरा धोका जास्त मोठा आहे. कोणी स्वतःला संदेष्टा म्हणवून ठरावीक रक्कम दिल्यास आशीर्वाद मिळेल असं सांगत असेल, तुमच्या पाळकांपासून आणि घरच्यांपासून तोडत असेल, किंवा साखरेची, फिटची, मानसिक आजाराची औषधं बंद करायला लावत असेल, तर त्या सभेला पुन्हा जाऊ नका. करिंथला लिहिलेला ‘फसू नका’ हा शब्द अशाच ठिकाणी लागू पडतो.

घरातच असेल तर कुठे पळणार?

नवरा पितो म्हणून घर सोडा असं कोणी सांगणार नाही, पण त्याच्या पिण्याला हातभार लावणं थांबवता येतं. दारूसाठी पैसे देऊ नका. ‘साहेब, त्यांना ताप आहे’ असा खोटा फोन कामावर करू नका. पिऊन आल्यावर उपदेश नको, तो सकाळी शुद्धीवर असताना करा. मारहाण होत असेल तर ती सोसणं हा ख्रिस्ती सहनशीलतेचा भाग नाही. तिथून बाहेर पडा, १८१ किंवा ११२ वर फोन करा, आणि पाळकांच्या पत्नीला किंवा स्त्री मंडळातल्या एखाद्या ताईला आधीच सांगून ठेवा की रात्री-बेरात्री तुम्ही मुलांसह येऊ शकता.

मुलाची संगत बिघडतेय असं वाटतं. फोन काढून घेऊ का?

आधी त्याच्या मित्रांची नावं तुम्हाला माहीत आहेत का ते बघा. तीन नावं सांगता येत नसतील तर सुरुवात तिथून. रविवारी सकाळी उपासनेनंतर त्यांना घरी बोलवा, तर्री पोहे करा, स्वतः पंधरा मिनिटं बसा आणि मग उठून जा. घरात येऊन खाऊन गेलेला मित्र तुमच्या पोराला चुकीच्या जागी नेताना एकदा तरी विचार करतो. न आवडलेल्या मित्राला मुलासमोर नावं ठेवू नका, तो लगेच बाजू घेईल. त्या मित्राच्या वागण्यातली एक ठरावीक गोष्ट काढा आणि “तुला ते कसं वाटलं?” एवढं विचारा.

शाळा आणि ट्यूशन यांच्यामधला दीड-दोन तासांचा मोकळा वेळ तपासा. बऱ्याच गोष्टी तिथेच घडतात.

जुने मित्र सुटले, आता फार एकटं वाटतं.

वाटणारच. लूक ११:२४-२६ मध्ये झाडून-सजवून ठेवलेल्या घरात बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो. मत्तयाने तीच गोष्ट सांगताना ते घर रिकामं होतं असंही म्हटलं आहे. सोडलेल्या प्रत्येक बैठकीच्या त्याच वाराला, त्याच वेळेला दुसरं काहीतरी ठेवा. शनिवारी रात्रीची गच्ची सुटली असेल तर शनिवारी रात्रीच तरुण संघाचा सराव, कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरची प्रार्थनासभा), बॅडमिंटन किंवा वृद्ध आजोबांकडे जेवण. मंगळवारचा बायबल अभ्यास शनिवारची पोकळी भरत नाही. २ तीमथ्य २:२२ मध्ये तरुणपणाच्या वासनांपासून पळ असं सांगून पौल लगेच कोणासोबत चालायचं तेही सांगतो. दोन माणसं पुरतात, वीस लागत नाहीत.

ज्या मित्राला सोडलं, त्याला बाहेर काढायला जाऊ का?

जा, पण त्याच ठेल्यावर नको आणि एकट्याने नको. गलती ६:१ दोन्ही गोष्टी सांगतं: सौम्यतेने सावर, आणि तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे. तुम्ही स्वतः सहा महिने सावरलेले नसाल तर तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवा. भेट सकाळी ठेवा, चहावर, सोबत एक जण घेऊन.

एवढं करून पुन्हा घसरलो. आता काय तोंडाने चर्चला जाऊ?

पेत्र ज्या तोंडाने गेला, त्याच. लूक २२ वाचताना पहिल्या स्तोत्राची ती तीन क्रियापदं आठवा. पेत्र दुरून मागे चालला, मग अंगणात विस्तव पेटवून बसलेल्यांमध्ये जाऊन बसला, आणि तिथेच त्याने येशूला तीनदा नाकारलं. योहान सांगतो की तो कोळशांचा विस्तव होता. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव पुन्हा एकदाच येतो, २१ व्या अध्यायात, पहाटे समुद्रकाठी. तो येशूने पेटवलेला असतो, त्यावर मासळी असते, आणि येशू पेत्राला आधी जेवायला बोलावतो. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हे तीन वेळा विचारणं त्यानंतर येतं.

घसरल्यावरचे पहिले चोवीस तास महत्त्वाचे. त्याच रात्री वहीत खरं लिहा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या एका विश्वासू माणसाला फोन करा, मेसेज नको. कोणत्या वळणावर गाडी वळली ते शोधा, कारण ते बहुधा घसरण्याच्या दोन-तीन तास आधीचं असतं: घरातलं भांडण, पगाराचा दिवस, रिकामी दुपार. आणि येत्या रविवारी नेहमीच्याच बाकावर जाऊन बसा.